उणे बारा मिनिटं

एका सॉफ्टवेअर कंपनीतल्या सिस्टिम अ‍ॅनालिस्टना उपयोजित गणित शिकवायला मी दर शनिवारी अंबडला जात असे. पहिल्या दिवशी दीपप्रज्वलन झालं, मला शाल मिळाली. गणित हा भारताचा आत्मा आहे, असं कंपनीच्या प्रमुखांनी सांगितलं आणि ते मीटिंगला निघून गेले. आत्म्याची पुढची व्यवस्था माझ्याकडे आली.

वर्गात चौदा जण. गणिताशी त्यांचं वैर नव्हतं. उत्तर संगणकाने काढावं आणि आपण ते स्लाइडवर नीट बसवावं, एवढाच त्यांचा संबंध. सूत्र कुठून आलं हे मी सांगू लागलो की ते लग्नातलं भाषण ऐकावं तसे शांत बसत.

तेव्हा त्यांच्याकडे एका धर्मादाय रुग्णालयाचं काम होतं. केसपेपरच्या खिडकीपुढे रांग लागायची, तिच्यासाठी टोकन देणारं अ‍ॅप. मी नेमका रांगांचं गणित शिकवत होतो. एकदा तरी शिकवलेलं कुणाच्या कामाला येईल असं मला वाटलं. तासाला वीस माणसं येत, खिडकीवरचा कारकून पंधरांचं काम उरकी. पोरांनी आकडे सूत्रात घातले. एका पेशंटला लागणारा सरासरी वेळ निघाला उणे बारा मिनिटं.

तेरा जणांना त्यात काही वावगं दिसलं नाही.

"फॉरमॅटिंगचा इश्यू आहे सर," म्हणत एकाने उणे चिन्ह काढून टाकलं.

"राहू दे की," शेजारचा म्हणाला. "पेशंट घरून निघायच्या आधीच केसपेपर तयार. साहेब खूश होतील."

चौदावी नामपूरची मुलगी होती, प्रोबेशनवर. ती उठून फळ्यापाशी आली. "सर, हे सूत्र इथे चालतच नाही ना? दर तासाला पाच जण मागे राहतायत. रांग वाढतच जाणार, टोकन द्या नाहीतर नका देऊ. दुसरी खिडकीच लागेल."

इतक्या शनिवारांत मला पहिल्यांदाच कुणीतरी काहीतरी शिकलेलं दिसलं.

रुग्णालयाच्या विश्वस्तांपुढे अ‍ॅप दाखवायचं होतं, तेव्हा हे सांगायचं तिने ठरवलं. त्याच आठवड्यात तिला नोकरीत कायम करायचं की नाही हे ठरणार होतं. आदल्या दिवशी तिचा फोन आला.

"सर, मी बोलले तर तुम्ही हो म्हणाल ना? तुमचं ऐकतील ते."

"म्हणेन की," मी म्हणालो.

विश्वस्त आले, पुष्पगुच्छ झाले. पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'सरासरी वेळ: १२ मिनिटे' झळकलं. ती उभी राहिली आणि चार वाक्यांत सगळं सांगून खाली बसली. प्रमुख हसले.

"मॅडम नवीन आहेत," ते विश्वस्तांना म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "सर, तुम्हीच सांगा. बारा मिनिटं बरोबर की चूक?"

सगळे माझ्याकडे बघत होते. पुढच्या वर्षीच्या वर्गांचं पत्र अजून प्रमुखांच्या सहीसाठी पडलं होतं, हेही मला आठवलं. मी म्हणालो, "ते मॉडेलच्या गृहीतकांवर अवलंबून आहे."

वाक्य खोटं नव्हतं. अशी वाक्यं जमायला माझी आयुष्यभराची नोकरी खर्ची पडली आहे.

"म्हणजे बरोबर," प्रमुख म्हणाले. टाळ्या झाल्या.

पार्किंगमध्ये ती स्कूटीपाशी उभी होती. मला टाळून जाता आलं नाही.

"सर, गृहीतक एकच होतं," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "पंधरा विसाहून मोठे आहेत, हे."

मी मान हलवली. दुसरं काय करणार?

तिचं प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढवलं. कारण दिलं, 'टीमशी समन्वयाचा अभाव'. अ‍ॅप सुरू झालं. खिडकी एकच राहिली. पुढच्या वर्षीचं माझं पत्रही आलं.

त्यानंतरच्या शनिवारी ती मागच्या बाकावर बसली. फळ्यावरचं सगळं उतरवून घेत होती, चुकून लिहिलेलं आणि मी पुसलेलंसुद्धा. तास संपताना मी विचारलं, "काही शंका?" मग तिच्याकडे बघून पुन्हा विचारलं.

"नाही सर," ती म्हणाली आणि वही मिटली.