सहा जनावरं आणि एक रांजण

आमच्या घरी सहा जनावरं कधीच नव्हती. सरकारी अर्जात मात्र सहा होती आणि ती मीच लिहिली होती. दोष कुणाला देऊ? अक्षरसुद्धा माझंच!

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती. उदगीरहून जळकोटला जाणाऱ्या वाटेवर आमचं गाव. गावात माझं छोटं किराणा दुकान. बायको महानंदा चुलीच्या धुरात दिवसभर खोकायची, पदरानं डोळे पुसायची. अशात उदगीरला एका प्रदर्शनात मी गोबरगॅसची शेगडी पाहिली. शेणातून निळी ज्योत! धूर नाही, काजळी नाही. मी वाकून शेगडीच्या खाली पाहिलं, वर पाहिलं, नळी हुंगली. शेवटी तिथल्या माणसानं मला दंडाला धरून बाजूला केलं.

घरी येऊन सगळं सांगितलं.

"खरंच धूर न्हाई?" महानंदानं विचारलं.

"अजिबात न्हाई."

"अन् भाकरीला वास?"

"ते इचारलं न्हाई."

"सगळं इचारता, कामाचं तेवढं सोडून!"

पण त्याच दिवशी तिनं शेगडीसाठी चुलीशेजारची जागा सारवून ठेवली. ती सारवलेली जागा बघितली आणि मला राहवेना.

अनुदानाचा अर्ज आणला. 'जनावरे किती?' आमच्याकडं होती दोन, एक गाय आणि एक म्हातारा बैल. एवढ्यावर अनुदान मिळत नव्हतं. मी सहा लिहिलं. पुढचा रकाना पाण्याचा होता. हात चालतच होता, म्हणून 'मुबलक' लिहून टाकलं. जुनं जिल्ह्याचं ठिकाण इतकं लांब होतं, की आमच्या गावापर्यंत पाहणीला कुणी फिरकत नसे. जिल्हा बदललाय हे माझ्या ध्यानातच आलं नाही. (खोटं कशाला बोलू, नव्या जिल्ह्याच्या मिरवणुकीत मी स्वतः गुलाल उधळला होता!)

नव्या जिल्ह्याचा साहेबही नवा, उत्साही. निरोप आला, मंगळवारी पाहणी!

मी शेजारच्या शिवलिंगअप्पांकडं धावलो. अप्पा उदगीरला दूध घालायचे. त्यांच्या दावणीला चार म्हशी.

"अप्पा, मंगळवारी घडीभर म्हशी द्या."

"हाव, ने की. पर साहेब आदी माझ्याकडं येणार हाय. तो चहाला बसला, की मागच्या बोळातून ने."

"तुमच्याकडं कशाला?"

"म्या बी अर्ज केलाय न्हवं!"

मंगळवारी म्हशी आमच्या अंगणात आल्या खऱ्या, पण थांबेनात. एक तर थेट बोळाकडं वळली. महानंदा आत पूजेला बसली होती. मी रांजणातून एक बादली पाणी काढून म्हशींपुढं ठेवलं. दोघी थांबल्या. दुसरी बादली ठेवली, तिसरी ठेवली. चौघी अशा उभ्या राहिल्या, जणू आमच्याच घरी जन्मल्या! स्वतःच्या हुशारीवर मी बेहद्द खूश झालो.

एवढ्यात साहेब आला. हातात खडू. मोजलेल्या जनावराच्या कपाळावर तो खडूची रेघ ओढायचा. पहिल्याच म्हशीजवळ तो थबकला.

"हिच्या कपाळावर पांढरं काय आहे हो?"

चारी म्हशींच्या कपाळावर रेघ! अप्पांच्या गोठ्यात त्यानंच ओढलेली.

"विभूती, साहेब!" मी म्हणालो. "आम्ही लिंगायत. आमच्यात जनावरांनासुद्धा..."

साहेबानं माझ्या गायीचं कोरं कपाळ पाहिलं, मग बैलाचं.

"या दोघांची आंघोळ राहिली वाटतं?"

भिंतीवरून अप्पांनी डोकं वर काढलं. "साहेब, तुमचा खडू लई पक्का हाय बगा!"

साहेब रागावला नाही. उलट त्याची चौकशी वाढली. "बरं, पाणी मुबलक लिहिलंय, ते कुठं आहे? जितकं शेण, तितकंच पाणी लागतं. रोज!"

हे मला ठाऊकच नव्हतं. प्रदर्शनात नळी हुंगण्याच्या नादात ऐकायचंच राहिलं होतं.

"आधी मला प्यायला द्या," साहेब म्हणाला.

महानंदा पूजा आटोपून तांब्या घेऊन आली. तिनं रांजणात हात घातला. तांब्या तळाला खडखडला. तिनं आत पाहिलं, मग म्हशींच्या ओल्या तोंडांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. पहाटेपासून माळापलीकडच्या विहिरीवर रांगेत उभं राहून भरलेलं पाणी होतं ते. तिनं तांब्या रांजणावर पालथा घातला. बोलली असती तर सुटलो असतो!

साहेबानं कागदावर लिहिलं, 'जनावरे दोन, पाणी नाही.' उसन्या म्हशींपायी अप्पांचा अन् माझा, दोन्ही अर्ज बाद करून तो तहानलेलाच गेला. मी जीपमागं पळत त्याची माफी मागितली. अप्पांची मागितली. गडबडीत एका म्हशीला माझा पाय लागला, तर तिलाही हात जोडले. महानंदा तेवढी राहिली. ती त्या सारवलेल्या जागेवर गोवऱ्या रचत होती.

मी हंडा उचलला.

"किती आणणार?" तिनं मान वर न करता विचारलं.

"एक आणतो की."

"सहा आणा. अर्जात सहाच लिवलंय न्हवं?"

विहिरीवर माझ्याआधी बातमी पोचली होती. "भावजी, आणखी किती म्हशी आल्यात पाहुण्या?" रांगेतली एकजण म्हणाली आणि सगळी रांग खिदळली. येता-जाता मी माफीचं लांबलचक भाषण जुळवत होतो. धुराबद्दल, पाण्याबद्दल, सारवलेल्या जागेबद्दल. सहावा हंडा रांजणात ओतला तेव्हा अंगात दोन शब्दांपुरताच दम उरला होता.

"चुकलं माझं."

महानंदानं रांजणात वाकून पाहिलं, बोट बुडवून पाणी कुठवर आलंय ते बघितलं आणि मान डोलावली. माझ्या जन्मात पाहणीत पास झालेला हा एकच अर्ज!