सासूबाई रस्ता ओलांडून गेल्या

पुढच्या चौकात पाइपलाइनचं काम निघालं आणि आमच्या मुलुंडच्या रस्त्याची दोन्ही टोकं बॅरिकेड लावून बंद केली. गाड्या दुसरीकडून वळवल्या. त्याच आठवड्यात एका दुपारी ऑफिसातून लवकर आले, तर सासूबाई घरात नाहीत. दार नुसतं ओढून घेतलेलं.

गुडघ्यांमुळे त्या कित्येक वर्षांत एकट्या खाली उतरल्या नव्हत्या. गच्ची पाहिली, शेजारी विचारलं. वॉचमन म्हणाला, "आजी ना? त्या समोरच्या बिल्डिंगमध्ये गेल्या."

समोर तळमजल्यावर त्यांची जुनी मैत्रीण राहते, एकेकाळची चाळीतली शेजारीण. दोघी रोज फोनवर बोलायच्या. मी धावत गेले. दोघी खिडकीशी बसून चहा पीत होत्या. खिडकी सताड उघडी होती. मैत्रिणीला दमा आहे, गाड्यांच्या धुरामुळे ती खिडकी एरवी बंदच असते.

"आई, गुडघे दुखले नाहीत?"

"गुडघे बरे असत माझे," त्या म्हणाल्या. "मी गाड्यांक भियतंय."

दोन डॉक्टर झाले, तेलं झाली, पट्टे झाले. "मग सांगितलं का नाही कधी?"

"सांगून काय, तू गाड्या थांबवतलंस?"

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो खिडकीशी जाऊन समोर बघू लागला. मग म्हणाला, "समोर तर राहते गं ती."

काम संपलं, बॅरिकेड निघाली. दुसऱ्या दिवशी सासूबाई गेटपर्यंत गेल्या, जरा वेळ उभ्या राहिल्या आणि परत वर आल्या. तेवढं पाहून नवरा सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभा राहिला आणि रस्ता थोडा वेळ तरी गाड्यांना बंद ठेवायची मागणी करू या म्हणाला. "मग आम्ही गाड्या डोक्यावर घेऊन फिरायच्या का?" असं एकाने विचारलंच. पण समोरची बिल्डिंगही आमच्या बाजूने आली. वॉर्ड ऑफिसला खेटे घालून शेवटी एवढंच मिळालं, की रविवारी सकाळी रस्ता गाड्यांना बंद राहील.

पहिल्या रविवारी सासूबाईंसोबत मी खाली उतरले आणि गेटपाशीच थबकले. दोन्ही बाजूंच्या जिन्यांतून म्हातारी माणसं उतरत होती. काठीवाली, वॉकरवाली, मुलीच्या खांद्यावर हात ठेवून आलेली. इतके लोक आमच्या आसपास राहतात, हे मला ठाऊकच नव्हतं. एक आजोबा तर कुठेच गेले नाहीत, नुसते रस्त्याच्या मधोमध उभे राहिले.