मारल्याचे पॉइंट नाहीत

मन्यादादाच्या डोक्यात पेव्हर ब्लॉक घातला त्याला आज वर्ष झालं.

ज्याने घातला तो जामिनावर सुटून गल्लीत परत आलाय. सकाळी टपरीवर चहा पीत होता.

हे आधीच सांगतो, कारण ग्रुपवर सकाळपासून स्टंपचे फोटो पडतायत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. मन्यादादा आमच्या लालबागच्या चाळीतला. चाळिशीचा, लग्न नाही, शिवडीच्या एका गोदामात सुपरवायझर. (शिवडीला त्याच्यासोबत फ्लेमिंगो बघायला गेलेलो, चिखलात माझी एक चप्पल अजून आहे. असो.) रविवारी दुपारी गॅलरीत कॅरमबोर्ड उलटा टाकायचा आणि आम्हाला गेम खेळवायचा.

राक्षस, भुयारं, तलवारी. प्रत्येकाचं एक कॅरेक्टर. मन्यादादा मास्टर, म्हणजे काय घडतंय ते तो सांगणार. मारलं की पॉइंट, पॉइंट साठले की लेव्हल. जगभर असंच खेळतात.

आमच्याकडे नाही.

मी पहिल्यांदा बसलो तेव्हा कॉलेज सोडून, गोव्याला एका शॅकवर प्लेटी धुवून परत आलेलो. डोकं कायम गरम. माझं कॅरेक्टर भैरू, हातात कुऱ्हाड. पहिल्याच भुयारात पहारेकरी दिसला. वीस बाजूंचा फासा टाकला, थेट वीस.

"मेला," मी म्हणालो.

"कुठे घातलीस कुऱ्हाड?"

"मानेत."

"हाडात अडकली. ओढ. तो अजून बघतोय तुझ्याकडे."

परत फासा टाकला. नाही निघाली. परत टाकला.

निघाली एकदाची. "पॉइंट किती?"

"शून्य. आता त्याचं नाव सांग."

"कोणाचं?"

"मारलास त्याचं. इथे ज्याने मारलं त्यानेच बारसं करायचं. हाउस रूल."

मी कायतरी दिलं. सदू.

पुढच्या रविवारी भुयाराच्या तोंडाशी सदूची आई डबा घेऊन बसलेली. त्याच्या पुढच्या रविवारीपण. तिला ओलांडूनच आत जायचं.

पॉइंट मिळायचे भलत्याच गोष्टींचे. पक्याचं कॅरेक्टर चोर. त्याने जळत्या घरातून दुश्मनाची म्हैस बाहेर काढली, लेव्हल वाढली. सायलीने दोन टोळ्यांना एका विहिरीवर पाणी भरायला लावलं, लेव्हल वाढली.

"दादा, गेम आहे की बालवाडी?" पक्या चिडला.

"तुला बालवाडीतनंपण काढलेलं. चावायचास," सायली म्हणाली.

शेवटचा रूल सगळ्यात वाईट. कॅरेक्टर मेलं की सगळ्यांनी त्याची एकेक गोष्ट सांगायची, ज्यात त्याने कोणाला मारलेलं नाही. जितक्या गोष्टी, तितक्या पॉइंटवर त्या प्लेयरचं नवीन कॅरेक्टर सुरू.

भैरू मेला तेव्हा एकालाही त्याची तशी गोष्ट सापडली नाही. नवीन कॅरेक्टर शून्यावर.

रडलो नाही, पण जेवलोपण नाही.

गेल्या वर्षी खाली बाइक लावण्यावरून दोघांची जुंपली. मन्यादादा मधे गेला. ब्लॉक दुसऱ्यासाठी उचललेला.

आवाज नारळ फोडल्यासारखा आला. गटाराच्या जाळीत त्याचा दात अडकलेला मी बघितला. टॅक्सीत डोकं माझ्या मांडीवर. ती जीन्स मी धुतली नाही, फेकलीपण नाही.

तर आज सकाळी मी आणि पक्या स्टंप घेऊन जिना उतरत होतो.

जिन्यात मन्यादादाचे वडील, आप्पा. जुने मिलवाले. समोरच्या खोलीतल्या गोविंदकाकांसाठी नळावरून पाणी घेऊन येत होते. रोज आणतात. काकांचं तोंड एका बाजूला ओढलेलं, एक हात उचलत नाही. आम्हाला लहानपणापासून वाटायचं, अर्धांगवायू.

"खंय चल्लात?"

"क्रिकेट, आप्पा."

"बॉल खंय असा?"

पक्याने स्टंप पाठीमागे घेतला.

आप्पांनी कळशी पायरीवर ठेवली. "संपात गोविंद कामार जाय होतो. मी सळयेन त्याचा टकला फोडलंय."

कळशीतलं पाणी हलत होतं, मी तिथेच बघत राहिलो.

"लोकांनी माका खांद्यार घेतल्यांनी. नाक्यापर्यंत. मगे खाली ठेवल्यांनी आणि जेवूक गेले. गोविंद थंयच समोर रवता."

"पण आप्पा, त्याने तुमचा मुलगा मारला," पक्या म्हणाला.

"माझो झील. तुझो न्हय."

मग माझ्या हातातल्या स्टंपकडे बघून म्हणाले, "नाव काय ठेवतल्यात त्याचा?"

रविवारी आत पडून सगळं ऐकायचे म्हणजे.

"त्येची आवस ह्याच गल्लीत रवता," एवढं बोलून कळशी उचलली आणि गोविंदकाकांच्या दारात गेले. मला डबा घेऊन बसलेली सदूची आई आठवली.

पक्याने स्टंप तिथेच जिन्यात टाकला. माझा हे लिहिताना बाजूला आहे. खोटं कशाला बोलू. हात अजून शिवशिवतोय. टपरी खिडकीतून दिसते.

पण नाव सुचत नाहीये.

म्हणून हे लिहितोय. जे जे आज "बघून घेऊ" म्हणतायत त्यांनी दुपारी गॅलरीत या. कॅरमबोर्ड उलटा टाकलाय. केस चालू आहे, ती कोर्टात चालू दे.

जे येऊ शकत नाहीत त्यांनी खाली कमेंट करा. हात जोडलेले इमोजी नकोत, त्याला पॉइंट नाहीत. मन्यादादाची एक गोष्ट सांगा.

पहिली आप्पांची. मगाशी दारातूनच बोलले, मन्या शाळेतून आला की दप्तर टाकायचा आणि आधी गोविंदकाकांना भरवायचा. कोणी सांगितलेलं नव्हतं.

दुसरी माझी. टॅक्सीत शुद्ध जाण्याआधी त्याने विचारलं, "त्या दुसऱ्याला लागलं नाही ना?"

तिसरी तुमची.

चल दादा. तुझं नवीन कॅरेक्टर शून्यावर सुरू होणार नाही.