मूठभर कोंड्याला विकलेला मुलगा

‘मुलांना काय खर्च लागतो हो, एकात दुसरं वाढून जातं,’ असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. आता वय झालं, तोंड आवरायला हवं, कळतं मला. पण आवरत नाही. कुठे वाढतं एकात दुसरं? माझी तर पहिली दोन वाढलीच नाहीत.

आम्ही तेव्हा जळगावला राहत होतो. नवरा एका कापसाच्या जिनिंग-प्रेसमध्ये कारकून. पगार बेताचा, पण दर महिन्याला हातात पडणारा. घरात आम्ही दोघं आणि माझ्या सासूबाई. त्यांना सगळी गल्ली अक्का म्हणायची, म्हणून मीही अक्काच म्हणायचे. पहिला मुलगा झाला तेव्हा अक्कांनी काय काय केलं! चांदीचा करगोटा, कानात सोन्याची बाळी, सागवानी पाळणा. आठ महिन्यांचा होऊन गेला. तापाने फणफणला आणि गेला. मग मुलगी झाली. माझ्या अंगावर दूध पुरेना म्हणून नवऱ्याने डब्याचं दूध आणलं, डॉक्टर घरी बोलावला, टांग्याचे पैसे दिले. तीही गेली. त्या दिवसांत मी चुलीपुढे बसायचे आणि भाकरी करपून धूर झाला तरी हलायचे नाही.

तिसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा अक्कांनी निवाडा दिला. त्या मूळच्या धुळ्याकडच्या खेड्यातल्या, बोलायच्या तिकडचंच. “ज्याले पैसा लावा, तो गया,” म्हणाल्या. “या घरना पैसा पोरेसले लागत नही.” म्हणजे आमच्या घरचा पैसा पोरांना मानवत नाही. म्हणून आता जे होईल ते विकायचं.

आजच्या पोरींना हे सांगितलं की डोळे मोठे करतात. अहो, तेव्हा घरोघर चालायचं. ज्या बाईची मुलं जगत नाहीत, तिने नवं मूल पाचवीच्या रात्री सटवाई कपाळावर लिहायला यायच्या आधी, सुपात घालून दुसऱ्या बाईला विकायचं. जिचं एकही मूल गेलेलं नाही अशा बाईला. ती कोंडा देऊन घेणार. मग मूल तिचं. राहतं आईजवळच, पितं आईचंच, पण पाच वर्षं पुरी होईपर्यंत त्याच्यावर जन्मदात्यांनी दमडी खर्च करायची नाही. अंगडं-टोपडं, तेल, औषध, सगळं विकत घेणारीने बघायचं. पाच वर्षांनी गूळ देऊन परत घ्यायचं. मुदतीच्या आत परत घेतलं, तर मूल हाती लागत नाही म्हणायचे.

विकत घेणारी बाई मिळाली ती गल्लीच्या टोकाची. डाळीच्या गिरणीत निवडायला जायची. चार पोरं, चारही खडखडीत. घरात म्हणाल तर दोन पातेली, एक बाज आणि एक शेळी. नवरा चोपड्याकडे केळीच्या गाड्या भरायला जायचा तो महिना महिना यायचा नाही. पण पोरांबद्दल विचारलं की तिची मान ताठ व्हायची. “चार पोरं म्हंजे चार मजुऱ्या, बाई,” म्हणायची. थोरला कापसाच्या वखारीत जायचाच. धाकटी तीन-चार वर्षांची असल्यापासून कुणाचं ना कुणाचं पोर कडेवर घेऊन फिरायची. गिरणीत चार गावच्या बायका, त्यामुळे हिची बोली सरमिसळ, पण मन एकमार्गी. माझा मुलगा झाला, पाचव्या दिवशी ती न्हाऊन आली, माझ्या पदरात मूठभर कोंडा टाकला आणि सूप उचललं. मला हसूच आलं. मी मराठी चार इयत्ता शिकलेली, मला हा पोरखेळ वाटला. सूप तिच्या हातात गेलं आणि मग मात्र माझे हात आपोआप सुपामागे गेले.

तिने तो व्यवहार मनापासून निभावला. कुणाकुणाकडून जुनी झबली मागून आणायची, उकळून, वाळवून घालायची. आमच्याकडे फडताळात नवं कापड पडलेलं, पण हात लावायची सोय नाही. लावला की अक्का कडाडायच्या, “तो आते तुना नही शे!” म्हणजे आता तो तुझा नाही. शेळीचं दूध गाळून आणायची. त्याची दृष्ट ती काढायची, कान तिने टोचले. पोरगा बोलायला लागला तो तिला माय म्हणायला लागला आणि मला, सगळी गल्ली म्हणते म्हणून, बाई. माझ्या पोटचा गोळा मला म्हणतो, “बाई, पाणी दे.” नवरा म्हणायचा, “जगतोय ना? मग म्हणू दे काय म्हणायचं ते.” खरं होतं. तिच्या त्या धाकटीच्या कडेवर बसून तो गल्लीभर हिंडायचा, आणि मी उंबऱ्यात उभी राहून बघायचे. तो तीन वर्षांचा झाला, चौथंही सरत आलं. माझी दोन्ही मुलं मिळून जेवढी जगली, त्याहून हा जास्त जगला होता.

मग त्याचा घसा धरला.

नवरा कंपनीच्या कामाने धुळ्याला गेलेला. दोन दिवस पोरगा नुसता चिडचिड करत होता, तिसऱ्या दिवशी सकाळी त्याचा आवाज बसला आणि मानेवर सूज आली. गिरणीवाली खाडा करून आली, त्याला उचललं आणि आम्ही दोघी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी चमच्याने जीभ दाबून पाहिलं. “घटसर्प आहे,” म्हणाले. “सुई द्यावी लागेल, आजच. औषध दुकानातून आणा. महाग आहे, रोख पैसे लागतील.”

माझ्या हातात पाटल्या होत्या. माहेरच्या, दोन. जळगावात सराफांना काय तोटा, चार पावलांवर दुकान. माझा डावा हात उजव्या पाटलीवर गेला आणि तिथेच थांबला. मी हसणारी, मी शिकलेली, मी अक्कांना मनातल्या मनात अडाणी म्हणणारी! ऐनवेळी माझी बोटं लाकडाची झाली. दोघांना पैसा लावला, दोघं गेली. याला लावला आणि हाही गेला तर? न लावला तर डोळ्यांदेखत गुदमरतोय. मी दवाखान्याच्या पायरीवर बसले आणि कपाळ बडवायला लागले. गिरणीवाली शांत होती. “पोऱ्या मना शे, औषध मीच आणसू,” ती म्हणाली. कशाने आणणार होती, कप्पाळ?

मग तिलाच सुचलं. म्हणाली, “बाई, मनी शेळी घ्या विकत.” शेळी मी घ्यायची, पाटलीच्या भावाने. शेळी माझी, पैसा तिचा. तिच्या पैशाने तिच्या पोराला औषध. कुणाला बोट ठेवायला जागा नाही, ना अक्कांना ना सटवाईला. मी पाटली ओढून काढली तेव्हा मनगट सोललं. सराफाने तोलली, पैसे मी तिच्या हातावर ठेवले, औषध तिने आणलं. सुई दिली. दुसऱ्या दिवशी पोराने घोटभर पाणी गिळलं. मी न्हाणीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडले, आणि शेळी आमच्या दारात बांधलेली ओरडत होती.

डॉक्टर म्हणाले होते, हे एकाचं दुसऱ्याला लागतं, पोरांना लांब ठेवा. लांब कुठे ठेवणार? एका खोलीत तिची चार आणि दिवसभर त्यांच्यात हा, रात्री निजायला तेवढा माझ्याकडे. पोरगा उठून बसला त्याच आठवड्यात तिची धाकटी आडवी झाली. तीच, त्याला कडेवर घेऊन फिरणारी. सात-आठ वर्षांची असेल. मला कळलं ते दुपारी, थोरला धावत सांगायला आला तेव्हा. मी तशीच पळत गेले. पोरगी बाजेवर होती, मान सुजलेली, श्वास घेताना गळ्यात शिटी वाजत होती. सगळं ओळखीचं.

मी दुसरी पाटली काढली आणि तिच्यापुढे धरली. “चल, ऊठ. दुकान उघडं आहे.”

तिने हात मागे घेतला. मला आधी कळेचना. म्हटलं, “अगं बाई, बघतेस काय? घे ना!”

“तुमना पैसा नको, बाई,” ती म्हणाली. “तुमना घरना पैसा पोरेसले लागत नही. मनं एक बी पोर गेलं नही आजपर्यंत.”

आमच्याच घरचं ऐकून शिकलेली ती. चार वर्षं आम्हीच तिला पढवलं होतं. मी चिडले, ओरडले, अक्कल गहाण टाकलीस का म्हणाले. पाया पडले. म्हटलं, शेळीचा पैसा चालला ना? मग आताही काहीतरी विक मला. पातेलं दे. बाज दे. काहीही दे!

तिने खोलीभर नजर फिरवली. पातेली तर त्याच आठवड्यात गेली होती, कामावर खाडे पडले म्हणून पोटासाठी. बाजेवर पोरगी. नजर फिरत फिरत कोपऱ्यात गेली. तिथे माझा मुलगा बसला होता, अशक्त, भाकरीचा तुकडा चघळत, धाकटीकडे बघत. माझा नव्हे, तिचा.

“विकाले मनाजोडे आते तोच शे,” ती म्हणाली. विकायला तिच्यापाशी तोच उरला होता. “पैसा द्या न् पोऱ्याले घेऊन जा.”

अक्का माझ्या मागोमाग येऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी किंकाळीच फोडली. अजून वर्षाहून जास्त बाकी आहे, मुदत भरली नाही, तू पोराला मारतेस, माझ्या मुलाचा वंश बुडवतेस. पुढे होऊन माझा हात धरला. म्हाताऱ्या बाईच्या बोटांत एवढा जोर! मला त्यांचा राग नव्हता, खरं सांगते. त्यांनीही दोन नातवंडं पुरली होती. आणि मला वाटत होतं की त्या म्हणतात ते खरं आहे. आता पाटली दिली की संध्याकाळपर्यंत हा जाईल, अशी माझी अगदी खात्री होती. पण ती शिटी वाजत होती हो. एकदा मोठ्याने, मग थांबून, मग पुन्हा. मी अक्कांचा हात झटकला, त्या दाराच्या चौकटीवर आपटल्या. पाटली गिरणीवालीच्या हातात कोंबली आणि म्हटलं, “घेतला. माझा झाला. आता पळ.”

ती पोरीला खांद्यावर टाकून पळाली. मी मुलाला उचललं. केवढा हलका झाला होता. घरी आणून मांडीवर घेऊन बसले आणि त्याचा श्वास ऐकत राहिले. अक्का भिंतीकडे तोंड करून बसल्या. आम्ही दोघी एका घरात कुणाच्या मरणाची वाट बघत होतो, हे बोलायची गरज नव्हती. देवाला मी काय म्हणाले ते लिहायची माझी छाती नाही. कुणाला तरी न्यायचंच असेल तर, असं मनात येऊ पाहत होतं, आणि मी ते दाबत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी गल्लीच्या टोकाहून रडण्याचा आवाज आला. सुई दिली होती, पण उशीर झाला होता. घशात पडदा धरला होता, असं डॉक्टर म्हणाले. मुलगा माझ्या मांडीवर झोपला होता, कपाळ गार, श्वास चांगला.

नवरा धुळ्याहून आला. सगळं ऐकलं आणि पिशवी खुंटीला अडकवून मुलाच्या उशाशी जाऊन बसला. मी शेळी परत नेऊन बांधली, ती तिने घेतली. पैशाचं काही बोलणं झालं नाही. गिरणीवाली कामावर जाऊ लागली. आमच्या दारावरून जाताना इकडे बघायची नाही. लोक काय काय बोलले. पोर विकून पोर गमावलं म्हणाले. माझ्या कानावर आलं तेव्हा मी भर रस्त्यात दोघींच्या झिंज्या धरून खरडपट्टी काढली. काय उपयोग?

मुलाला यातलं काही समजत नव्हतं. आता मी त्याला नवा अंगरखा शिवला, वाटीभर तूप घातलं, मांडीवर घेऊन माय म्हण, माय म्हण असं शिकवत बसले. तो माझ्याकडे परक्यासारखा बघायचा. एके दिवशी डोळा चुकवून निसटला. मी शोधत गेले तर तिच्या बंद दारापाशी. दोन्ही मुठींनी दार वाजवत होता, “माय, दार उघड! माय, भाकर दे!” आत ती होती. दिवा दिसत होता फटीतून, भांड्याचा आवाज येत होता.

मी फटीशी तोंड नेलं. “उघड गं,” म्हटलं. “घास खाऊ दे त्याला तुझ्या हातचा. मी नेते मग.”

आतला आवाज थांबला. ती दाराजवळ आली असावी, कारण बोलली ती अगदी माझ्या कानाशी.

“आता त्याले आत घेतलं ना बाई, तं मी परत नही देणार.”

कडी काही निघाली नाही. तो दार वाजवतच होता, हात लाल झाले होते. शेवटी मी त्याला खाकोटीला मारलं आणि घराकडे निघाले. सगळी गल्ली दारात येऊन बघत होती. त्याने लाथा झाडल्या, माझे केस ओढले, मग माझ्या मनगटाला कडकडून चावला. मी हात सोडवून घेतला नाही. चावू दिलं.