पन्नास हजार आणि वरची एक

मला एक सांगा, देवाच्या वर्गणीला तुम्ही कधी गोल पाचशे दिलेत का? नाही ना? पाचशे एकच देता! मग माझं काय चुकलं? चुकलं हो, असं चुकलं की अजून तलावाच्या पाळीवर बाया मला बघून एक बोट वर करतात.

आमच्या महिला गटानं यंदा गावचा तलाव मासोळ्यांसाठी घेतला. मी दहावी पास, अक्षर बरं, म्हणून सचिव. गणपतीच्या नि शारदेच्या पावत्या वीस वर्षं मीच लिहिते.

मत्स्यबीज केंद्राची गाडी घेऊन साहेब आले. हवा भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, आत मासोळ्यांची इवली पिल्लं. साहेब म्हणाले, "पन्नास हजार नग. पावतीवर आकडी लिहा, अक्षरी लिहा, सही करा. मगच सोडा."

आकडी लिहिलं ५०,०००. अक्षरी लिहिताना हात आपोआप चालला: पन्नास हजार एक फक्त.

साहेबांनी चष्मा वर केला. "बाई, हे एक कुठून आलं?"

"शुभ असते नं, साहेब!"

"आकडी-अक्षरी जुळलं नाही तर अक्षरीच खरं धरतात. म्हणजे तुम्ही एक नग जास्त घेतला, माझ्या रजिस्टरात एक कमी!"

"मग खोडून देते."

"खाडाखोड चालत नाही. आणि पावतीला नंबर आहे, फाडताही येत नाही."

अध्यक्ष शेवंताबाईनं कपाळावर हात मारला. "कावो बाई, पिल्लं पिशवीत उकडून राहिली अन् तू शुभ पाहून राहिली?"

"पुन्हा मोजा नं साहेब," मी रडवेली झाले.

"पुन्हा? पहिल्यांदा तरी कोणी मोजली? एक वाटी मोजतो, बाकी गुणाकार!"

म्हणजे बघा! पन्नास हजार अंदाजानं चालतात, माझी एक चालत नाही!

ऊन चढलं. पिशव्या तापल्या. दोन-चार पिल्लं पोट वर करून तरंगू लागली. गटाची वर्षभराची बचत त्या पिशव्यांत होती. मी हात जोडले, बायांनी साहेबांना घेरलं.

"बरं, सोडा," साहेब वैतागले. "पण उद्या एक नग केंद्रावर आणून जमा करा, परतीची पावती घ्या."

"आत्ताच घेऊन जा नं, साहेब!"

"मी रस्त्यात जमा करून घेत नाही. खिडकीवर या."

आम्ही धावत पिशव्या पाण्यात सोडल्या. पिल्लं क्षणात दिसेनाशी झाली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात शेवंताबाई म्हणाली, "अन् साहेबाची एक वो?"

झालं! अख्खी दुपार मी मच्छरदाणीचा तुकडा घेऊन कमरेएवढ्या पाण्यात. पाळीवरून बाया ओरडत होत्या, "ते पाह्य तिकडं! शुभ असलेली पकड, शुभ असलेली!"

दिवस मावळता मावळता दोन सापडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, वाटेत एक मेलं तर पंचाईत नको म्हणून, मी लोणच्याच्या बरणीत दोन पिल्लं घेऊन साकोलीच्या बसनं केंद्रावर गेले. दोन्ही जिवंत पोचली, साहेबांनी एक जमा केलं आणि दुसरं, 'अक्षरी एक जादा' अशी नवी पावती लावून, माझ्या हातात परत दिलं.