फळ्यावरचा समुद्र

रझिया कधी बोटीवर चढली नाही. लाटांकडे नुसतं बघूनच तिला मळमळतं. पण २००४ सालच्या त्या मोसमात रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर समुद्राची खबर सर्वांत आधी तिलाच लागायची. मच्छीमार सोसायटीच्या कचेरीत ती कारकून होती. उपग्रहाने टिपलेल्या पाण्याच्या तापमानावरून आणि रंगावरून मासळी कुठे जमली असेल, याचा नकाशा फॅक्सवर यायचा. त्यातली दीपगृहापासूनची दिशा, अंतर आणि खोली रझिया बाहेरच्या फळ्यावर खडूने उतरवायची.

त्या सकाळी कागद सरकत बाहेर येऊ लागला आणि ती त्यावर वाकली. किनाऱ्याची ओळखीची वळणं, आणि त्या मोसमात प्रथमच थेट रत्नागिरीसमोर मासळीचा एक लांब पट्टा!

दारात तिचा नवरा गफूर उभा होता. तो बोटीचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा प्रमुख. लागोपाठच्या फेऱ्या वाया गेल्या होत्या. आजही जाळं रिकामं आलं, तर खलाशी दुसरी बोट धरणार होते.

कागद बघून तो हळूच म्हणाला, "फळा जरा उशिरा लिही गो. माझी बोट सुटू दे."

मासा कुठे लागला हे तांडेल सख्ख्या भावालाही सांगत नाही. रझियाला ते ठाऊक होतं. तरी तिने खडू उचलला.

"उपग्रह काय माझ्या सासऱ्यांनी सोडलाय?"

"आणि खलाशी गेले तर?"

"मग आत्ताच सुटा. नकाशा सगळ्यांचा आहे."

ती घाईघाईने आकडे उतरवू लागली. लिहून होईतो मागे गर्दी जमली. गंगाराम तांडेल ओरडला, "वहिनी, अक्षर आहे का कोलंबीच्या मिशा?" हशा पिकला, आणि धक्क्यावर इंजिनं धडधडू लागली. गफूर आपल्या बोटीकडे धावला.

दुपारी कचेरीतला वायरलेस खरखरला. गफूरचाच आवाज. "पट्ट्यावर आलो. इथे काही नाही."

रझिया खुर्चीवरून उठून उभी राहिली. तेवढ्यात वायरलेसवर गंगारामाचा आवाज मध्ये घुसला, "गफूरभाय, पट्टा दक्षिणेला सरकलाय! इकडे या! बांगडा नुसता उसळतोय, एकट्याच्या जाळ्यात मावायचा नाही!"

संध्याकाळी गफूरची बोट पाण्यात खोल बसून आली. खलाशी एकमेकांना शिव्या देत, हसत टोपल्या उतरवत होते. गफूर कचेरीच्या दारात आला. हातांवर खवले चमकत होते.

"गंगारामाने हाक मारली नसती तर..." तो थांबला. मग फळ्याकडे बघत म्हणाला, "उद्या मोठं लिही. धक्क्यावरून दिसत नाही."