चंद्रावरच्या फुल्या

त्या दिवशी युनिव्हर्सिटीतून घरी आले, तर डायनिंग टेबलावर चंद्राचा फोटो ठेवलेला आणि शेजारी बाबा चष्मा पुसत बसलेले. फोटोत काहीतरी कमी होतं. काय, ते कळायला मला अर्धं मिनिट लागलं, आणि कळल्यावर मी तो उचलून खिडकीशी नेला.

चंद्रावर उतरलेल्या पहिल्या काही माणसांपैकी एकाने काढलेला तो फोटो: राखाडी जमीन, बुटांचे ठसे, वर काळं आभाळ. त्यांच्या कॅमेऱ्यात फिल्मच्या पुढे एक काच असायची आणि तिच्यावर ठरावीक अंतराने बारीक फुल्या कोरलेल्या असायच्या. प्रत्येक फोटोत त्या उमटत आणि त्यांच्यावरून पुढे अंतरं मोजता येत. माझी पीएचडी या फुल्यांवरच चालली आहे. तो जुना प्रिंट माझ्या गाइडचा. बाई अमेरिकन, कडक, आणि हा प्रिंट त्यांनी वर्षानुवर्षं जपलेला. सोमवारी तो डिपार्टमेंटच्या प्रदर्शनात लागायचा होता. खालचा मजकूर लिहायला म्हणून त्यांनी तो विश्वासाने माझ्याकडे घरी दिला होता.

आता त्यात एकही फुली नव्हती.

"डाग काढून दिले, बेटा," बाबा म्हणाले. "चार दिवस लागले. कागद जुना आहे ना, सांभाळून करावं लागलं."

बाबांनी नागपूरला एका फोटो स्टुडिओत तीस वर्षं रिटचिंग केलं. स्थळांना पाठवायच्या फोटोंवरचे मुरमांचे डाग घालवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. ब्लेडच्या टोकाने काळा ठिपका अलगद खरवडायचा आणि वर बारीक ब्रशने रंग जुळवायचा. स्टुडिओ बंद होऊन जमाना झाला, तरी ब्रशांची डबी अमेरिकेला बरोबर आलीच. आईला शाळेतून रजा मिळाली नाही म्हणून ते एकटेच आले होते. मी राहते त्या अर्विंगमध्ये गाडीशिवाय पान हलत नाही, बाबांना गाडी येत नाही, आणि मी दिवसभर बाहेर.

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं हात लावायला?" मी म्हणाले. "ओरिजिनल प्रिंट आहे तो. माझं करिअर आहे बाबा हे."

"ओरडून कशाला राहिली? आधीपेक्षा चांगला झाला आहे."

आणि संतापाची गोष्ट ही, की काम अप्रतिम होतं. भिंगातून पाहिलं तरी फुली कुठे होती ते सापडेना. निदान ओबडधोबड केलं असतं, तर मनसोक्त भांडता तरी आलं असतं. त्यांनी केलेला चहा तसाच टाकून मी खोलीत गेले, दार लावलं आणि गाइडना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, उद्या घेऊन ये.

सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी उभे. "मी पण येतो. माफी मीच मागायला पाहिजे."

मला ते नको होतं. त्यांच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीची मला लाज वाटत होती. हे लिहितानाही स्वतःची चीड येते, पण वाटत होती. तरी त्यांना गाडीत बसवून युनिव्हर्सिटीत घेऊन गेले.

गाइडनी प्रिंट दिव्याखाली धरला, तिरका करून पाहिला, पुन्हा पाहिला. प्रदर्शनात हा लागणार नाही, एवढंच मला म्हणाल्या. मग त्यांनी कपाटातून दुसरा एक प्रिंट काढला, बाबांच्या हातात भिंग दिलं आणि एका फुलीपासून दुसरीपर्यंत बोट नेत, सावकाश, सोप्या शब्दांत त्यांना सगळं समजावून सांगितलं. पाच मिनिटंही लागली नाहीत. बाबा मध्येच बुटाच्या ठशावर बोट ठेवून "हाऊ बिग?" असं विचारत होते, आणि बाई फुल्यांवरून मोजून दाखवत होत्या.

भिंग खाली ठेवून बाबा माझ्याकडे वळले.

"फोटो घरी आणला त्या दिवशी मी तुला विचारलं होतं, ह्या खुणा कशाच्या," ते मराठीत म्हणाले. "तू म्हणाली, तुम्हाला नाही कळणार."

काय म्हणाले ते, असं गाइडनी मला विचारलं.

"सॉरी म्हणतायत," मी सांगितलं.